तिथीचं पदक

देवीचा टाक उजळायला वणीतल्या सराफांकडे दिला होता. तो होईपर्यंत मोडीचा डबा चाळत बसलो, तर हाताला पितळेची एक चकती लागली. कलदार रुपयापेक्षा जराशी मोठी. दोन पत्रे एकावर एक बसवून मध्ये रिव्हेट मारलेली. "पितळ आहे भाऊ, मोडीत आलंय," सराफ म्हणाले. मी वरचा पत्रा फिरवला आणि तारखांखालचे वार सरकले.

कॅलेंडर असलेली पदकं जमवण्याचा नाद तिथून लागला. त्या चकतीवर बारा महिन्यांना सातच घरं होती. साध्या वर्षात फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर एकाच वारी सुरू होतात, म्हणून ते एकत्र, जानेवारीशेजारी ऑक्टोबर, मे, जून आणि ऑगस्ट मात्र एकेकटे. लीप वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीसाठी वेगळी अक्षरं ठोकली होती. एवढं गणित तळहातावर मावतं, याचं मला आजही अप्रूप आहे.

व्हिएन्नाच्या टांकसाळीच्या कॅलेंडर पदकांवर वर्षाचा अधिपती ग्रह असतो. ते पाहून आपल्या पंचांगातला वर्षाचा राजा आठवला. व्हिएन्नाच्या पदकांवर सात ग्रह ओळीने येतात. आपल्याकडे गुढीपाडव्याच्या वारावरून राजा ठरतो. 2025 चा पाडवा रविवारी आला, म्हणून राजा रवी. आपल्याकडची जुनी नाणी शोधताना जहांगीर भेटला. 1618 मध्ये त्याने महिन्याच्या नावाऐवजी त्या महिन्याच्या राशीचं चित्र नाण्यावर आणलं. मेंढा दिसला की फरवरदीन महिना! माझ्या मते आपल्या मातीतलं हेच सर्वांत देखणं कॅलेंडर. पण तेही सूर्याचं.

आमच्या वणीचं वर्ष चालतं तिथीवर. जवळच्या सप्तशृंगी गडावरची चैत्र यात्रा रामनवमी ते पौर्णिमा; ती कधी येणार हे माझी एकही चकती सांगत नाही. चांद्रवर्ष 354 दिवसांचं, म्हणजे दरवर्षी सुमारे अकरा दिवसांची तूट, आणि ती भरून काढायला अधिकमास. अठराव्या शतकातल्या इंग्रजी पदकांवर अमावास्या-पौर्णिमा कोरलेल्या असत, पण त्या एकाच वर्षाच्या. वर्ष सरलं की पदक जुनं.

तरी वाट आहे. 19 वर्षांत सात अधिकमास येतात आणि तिथी बहुधा पूर्वीच्याच तारखेवर परततात. 2007 ची चैत्र पौर्णिमा 2 एप्रिलला होती, 2026 चीही 2 एप्रिललाच. जुनी पंचांगं समोर ठेवून मी पुठ्ठ्यावर 19 घरांची चकती आखली. मधल्या खिडकीत चैत्र पौर्णिमेची तारीख, अधिकमासाच्या सात वर्षांवर ठळक टिंब. आता ती पितळेत हवी, म्हणून नाशिकच्या तांबट आळीत एका कारागिराला आराखडा दिला आहे. 19 वर्षांनी तिथी कधी एका दिवसाने पुढेमागे होते, म्हणून खिडकी दोन्ही बाजूंनी एकेका तारखेएवढी रुंद ठेवायला सांगितली आहे.