बायपास होणारच आहे

माणगावात वार कळायला कॅलेंडर लागत नाही. शुक्रवारी रात्री नऊनंतर हायवेचा आवाज बदलतो. एरवी कंटेनर, टँकर आणि एसटीची घरघर असते; शुक्रवारी तिच्यात छोट्या गाड्यांचे हॉर्न मिसळतात आणि मध्यरात्र उलटली तरी थांबत नाहीत. मुंबईकडून आलेले कोणी गोव्याला, कोणी आपापल्या गावाला निघालेले असतात. ताम्हिणी घाट उतरून निजामपूरवरून येणाऱ्या पुणेकरांना दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर गाठायचं असतं; तेही आमच्याच बाजारातून मोर्ब्याच्या रस्त्याला वळतात. रविवारी दुपारपासून हेच सगळं उलट दिशेने. समुद्रावर कोणाचं काय झालं ते गाडीच्या टपावर वाळत घातलेल्या टॉवेलांवरून कळतं.

रायगड जिल्ह्यातलं हे आमचं तालुक्याचं गाव. मुंबई-गोवा हायवे, म्हणजे पूर्वीचा १७ क्रमांकाचा आणि आताचा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, गावाच्या मधोमध जातो. एसटी स्टँड, दवाखाने, मेडिकलची दुकानं, बँका, वडापावच्या गाड्या, रिक्षांचा थांबा, सगळं त्याच्या दोन्ही कडांना. गाव मोठं झालं ते या रस्त्यामुळे, हे मान्य केलंच पाहिजे. रस्ता आधी आला आणि दुकानं त्याला धरून पुढे सरकत आली. पण ज्या रस्त्यावर दिवसाला मोजक्या गाड्या जायच्या त्याच्या कडेला बांधलेलं घर आणि आजचा हा रस्ता, यांचा आता काही संबंध उरलेला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ट्रॅफिकचा त्रास म्हणजे तुंबलेल्या गाड्या. आम्हाला तुंबलेल्या गाड्यांचा तेवढा त्रास नाही. गाड्या उभ्या असल्या की बोनेटमधून वाट काढत म्हातारं माणूससुद्धा आरामात पलीकडे जातं. जीव मुठीत धरावा लागतो तो कोंडी सुटल्यावर. दोन तास अडकलेला ड्रायव्हर मोकळा रस्ता दिसला की जो वेग घेतो, तो गावाच्या मधोमध घेतो. आमच्या शेजारच्या काकूंनी त्यावर स्वतःची रीत शोधली आहे. त्या हात वर करतात आणि ड्रायव्हरकडे अजिबात बघत नाहीत. बघितलं की तो समजतो, ही थांबणार. न बघता पाऊल टाकलं की ब्रेक लागतो. मला हे करायचं धाडस होत नाही. मी काकूंच्या मागे मागे जातो.

बोलण्याचीही एक पद्धत पडून गेली आहे. दुकानदार भाव सांगता सांगता थांबतो, ट्रक जातो, मग पुढचा आकडा. गिऱ्हाईकही मधेच थांबतं. मुंबईची मुलगी माहेरपणाला आली की तिला वाटतं, इथली माणसं फार विचार करून बोलतात. रस्त्याकडची खिडकी कोणी उघडत नाही. तुळशीची पानं पावसाळा सोडला तर कधी हिरवी दिसत नाहीत, आणि पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी ओसरीपर्यंत उडतं. डांबरावर डांबर चढत रस्ता उंच होत गेला, तशी जुन्या घरांची जोती खाली गेली. पूर्वी रस्त्यावरून घरात दोन पायऱ्या चढून जायचं. आता कित्येक ठिकाणी उतरावं लागतं.

रेल्वे येणार म्हटल्यावर माझ्या वडिलांच्या पिढीला वाटलं होतं, आता हायवे ओस पडेल. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला, पुढे १९९८ साली सबंध मार्ग झाला. गाड्या काही कमी झाल्या नाहीत. उलट चाकरमान्याकडे स्वतःची कार आली. त्यातल्या त्यात एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. १९९९ पासून कोलाडला भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढवून थेट गोव्यात वेर्ण्याला, त्याच्याही पुढे सुरतकलला नेतात. रोरो म्हणतात त्याला. कोलाड मुंबईच्या बाजूला, आमच्या आधी लागतं. म्हणजे तेवढे ट्रक माणगावच्या बाजारात न शिरता, ड्रायव्हरला केबिनमध्ये झोपवून, मागच्या बाजूने निघून जातात. आजवर आमच्या वाट्याला आलेला बायपास तेवढाच.

खऱ्या बायपासचं सांगायचं तर तो आहे आणि नाही. हायवेच्या चौपदरीकरणाचं काम २०११ च्या सुमारास पनवेलकडून सुरू झालं. इंदापूर आणि माणगाव या दोन गावांना वळसा घालून रस्ता न्यायचा, असं नकाशावर ठरलं. काम निघालं, थांबलं. कारणं गावात कोणालाही विचारा, तीच तीन ऐकायला मिळतील: भूसंपादन, परवानगी, ठेकेदार. प्रश्न हायकोर्टातही गेला, तारखा पडल्या, मुदती दिल्या गेल्या. कोणी 'होणार नाही' असं कधीच म्हटलं नाही. माझी तक्रार नेमकी इथे आहे.

कारण बायपास नसण्याने जेवढं बिघडलं, त्याहून जास्त तो होणार असण्याने बिघडलं. स्टँडसमोर सिग्नल मागितला, तर 'बायपास झाल्यावर कशाला लागतोय?' पादचारी पूल मागितला, तर 'दोन वर्षांसाठी एवढा खर्च?' ही दोन वर्षं गेली कित्येक वर्षं चालू आहेत. फूटपाथ, रिक्षांना जागा, हातगाड्यांना जागा, अवजड गाड्यांना शाळा सुटायच्या वेळेला थोपवणं, सगळं त्या एका न झालेल्या रस्त्याच्या हवाली करून टाकलेलं. आणि हे फक्त वरचे लोक म्हणतात असं नाही. आम्हीही म्हणतो. घराला रंग काढायचा विषय निघाला की घरातलंच कोणी म्हणतं, धूळ बसणार परत, बायपास होऊ दे.

एक धंदा तेवढा थांबला नाही. रस्त्याची नुसती आखणी कळली तेव्हापासून 'बायपास टच प्लॉट'च्या पाट्या लागल्या. बायपासला टच असलेल्या जमिनीवर उद्या दुकानं होणार, दुकानांसमोर गाड्या थांबणार, आणि आणखी वीस वर्षांनी त्या बायपासला बायपास लागणार, हे पाटी लावणाऱ्यालाही ठाऊक आहे.

बायपास नको असलेले लोकही गावात आहेत, आणि ते मूर्ख नाहीत. कोंडी झाली की पाण्याच्या बाटल्या, वडापाव, मे महिन्यात करवंदं आणि जांभळं गाड्यांच्या खिडक्यांतून खपतात; काही घरं त्यावर चालतात. हॉटेलवाले हळूच सावंतवाडीचा दाखला देतात. झाराप ते पत्रादेवी असा हायवे बाहेरून गेला आणि सावंतवाडी बाजूला राहिली. लाकडी खेळणी घ्यायला, चहाला म्हणून जो सहज थांबायचा तो प्रवासी आता सरळ गोव्यात जातो. तिथला बाजार शांत झाला, पण ही शांतता तिथल्या सगळ्या दुकानदारांना हवीच होती असं नाही. आमचे हॉटेलवाले हे सांगतात तेव्हा मी वाद घालत नाही. फक्त इतकंच म्हणतो, की शनिवारच्या कोंडीतला माणूस तुमच्याकडे थांबतच नाही. त्याला रांगेतली जागा जायची भीती असते. यावर ते हसतात. म्हणजे त्यांनाही ते ठाऊक आहे.

ब्रिस्टलला असलेला माझा भाचा मागे आला होता. त्याने तिकडच्या वेस्टबरी नावाच्या गावाची गोष्ट सांगितली. विल्टशर परगण्यातलं लहान गाव, ए-३५० नावाचा रस्ता त्याच्या पोटातून जातो, ट्रक घरांना घासून. गावाच्या वरच्या टेकडीवर खडूच्या दगडात कोरलेला भला मोठा पांढरा घोडा आहे. बायपास त्या बाजूच्या मोकळ्या रानातून जायचा होता. २००८ साली जाहीर चौकशी झाली, दोन्ही बाजूंनी साक्षी झाल्या आणि २००९ साली सरकारने नकार दिला. लेखी, कारणांसकट. मी विचारलं, मग ट्रक कमी झाले का? तो म्हणाला, "कुठले, मामा! अजूनही तसेच जातात."

तरीही मला त्या लोकांचा थोडा हेवा वाटला. त्रास त्यांनाही आमच्याइतकाच असेल. पण त्यांच्याशी कोणीतरी एकदा स्पष्ट बोललं. नाही म्हटल्यावर माणूस भांडतो, अपील करतो, नाहीतर घराला दुहेरी काचा बसवून घेतो. हो म्हटल्यावर त्याला यातलं काहीच करता येत नाही.

आपल्याकडे रस्ते पटकन होतच नाहीत, असंही म्हणायची सोय नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळचा पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. आमच्या भागातल्या कोणालाही ती रात्र विसरता आलेली नाही. पुढच्या जूनमध्ये तिथे नवा पूल उभा होता. तोच हायवे, तोच पाऊस, तीच खाती. पूल पडला हे साऱ्या महाराष्ट्राला दिसलं. एखादी आजी रस्ता ओलांडता येत नाही म्हणून पलीकडच्या बहिणीकडे जायची बंद झाली, हे कोणाला दिसणार? तिची कुठे नोंद नाही, बातमी तर नाहीच.

गणपतीचे दिवस मात्र वेगळे. तेव्हा अवजड गाड्यांना बंदी असते, कोकणात जाणाऱ्यांना टोलमाफी असते, चौकाचौकात पोलीस उभे. गाड्या एरवीपेक्षा कितीतरी जास्त, मुंगीच्या पावलांनी चाललेल्या. पण कोणीतरी शिट्टी वाजवून त्या थांबवतं आणि आम्हाला पलीकडे जाऊ देतं. बायपासशिवायही हे जमतं, असं दर भाद्रपदात सिद्ध होतं.

तेव्हा आम्ही काही जणांनी या वर्षी बायपासचा विषय न काढता दोनच गोष्टी मागायच्या ठरवल्या आहेत: स्टँडसमोर पांढरे पट्टे, आणि शाळा भरायच्या-सुटायच्या वेळेला एक शिट्टीवाला. अर्जाचा मसुदा तयार आहे. तो द्यायचा कोणाकडे, यावर मात्र एकमत होईना. रस्ता एका खात्याचा, कडेचं गटार दुसऱ्याचं, वाहतूक तिसऱ्याची. शेवटी तीन प्रती काढायचं ठरलं. झेरॉक्सचं दुकान पलीकडे आहे, म्हणून शनिवार टाळून सोमवारी जायचं आहे.