मागची खोली

गेली काही वर्षे चिरंजिवांच्या लेस्टर येथील घरी हिवाळा काढण्याचा परिपाठ पडला आहे. यंदाही नोव्हेंबरच्या आरंभी तेथे पोहोचलो, आणि घरातील इतर सात रेडिएटर बॉयलरचा हुकूम होताच तापले असता, माझ्या नावे राखलेल्या माडीवरच्या मागच्या खोलीतील आठवा तेवढा शिळेसारखा थंड राहिला. चिरंजिवांना रविवारपर्यंत सवड नव्हती, तेव्हा तपासाचे काम मी आपल्याच अखत्यारीत घेतले.

आमच्या पिढीची अग्नीशी ओळख न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबापाशी झाली. त्याचे दुखणे दडून राहत नसे. ढलप्या ओल्या असल्या की धूर डोळ्यांत जाई, आणि राख साचली की जाळ मलूल होई. येथे अग्नी स्वयंपाकघरातील एका पांढऱ्या पेटीत बंदिस्त, तिच्या अंतरंगात हात घालण्यास कायद्याने परवानाधारक माणूस लागतो, आणि तापलेले पाणी भिंतींच्या व तक्तपोशीच्या आड कोठून कोठे जाते याचा थांग लागत नाही. अशा अदृश्य कारभारात आपल्या तळहाताखेरीज दुसरा साक्षीदार नाही.

त्या साक्षीदाराची जबानी मात्र स्पष्ट होती. रेडिएटर खाली गरम व वर गार लागला असता तर आत हवा कोंडली आहे असे समजून वरच्या कोपऱ्यातील चावी किंचित फिरवायची. तळाशी मध्यभागीच गार लागता तर लोखंडाच्या गंजाचा काळा गाळ बसला असे मानायचे. हा सर्वांगी गार होता, आणि जमिनीतून वर आलेली नळी व्हॉल्व्हच्या गळ्यापर्यंत हात पोळावा इतकी तापलेली होती. पाणी उंबरठ्याशी येऊन थांबले होते.

तो उंबरठा म्हणजे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ साली शोधलेली ही युक्ती मोठी चतुर आहे. व्हॉल्व्हवरच्या अंकांच्या टोपीत मेण किंवा द्रव कोंडलेला असतो. खोली तापली की तो फुगून खालच्या पिनेला दाबतो व पाण्याची वाट अडते, खोली निवली की तो आकसतो आणि स्प्रिंग पिनेला वर उचलते. विजेची तार नाही, घड्याळ नाही; खोलीच आपली ऊब आपण मोजून घेते.

रविवारी टोपी उतरवली. मध्ये जेमतेम तिळाएवढ्या जाडीची पितळी पिन आत रुतून बसली होती.

"बाबा, जपून हं. ओढू नका, ती उपसून आली तर गालिचा भिजेल," चिरंजीव म्हणाले.

उपसण्याचा माझा इरादा नव्हताच. पिनेच्या मुळाशी सूनबाईंच्या शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला, व्हॉल्व्हच्या अंगावर पेचकसाच्या लाकडी मुठीने हलक्या टिचक्या मारल्या, आणि पक्कडीच्या टोकात तिला नुसती धरून, लहान मुलाचा हलणारा दात चाचपावा तितक्याच हळुवारपणे डोलवीत राहिलो. दहाएक मिनिटांनी ती एकाएकी टुणकन् वर आली. दाबली, पुन्हा वर आली. आत पाण्याची कुजबुज सुरू झाली, आणि व्हॉल्व्हच्या बाजूचा कोपरा माझ्या तळव्याखाली सावकाश ऊन होऊ लागला.

"पण अडकली कशाने?" मी विचारले.

चिरंजिवांनी टोपी हातात घेऊन तिच्यावरचे बर्फाच्या फुलाचे चिन्ह पाहिले. उन्हाळ्यात ती पूर्ण उघडी ठेवावी, एरवी पिन महिनोन्महिने दाबलेली राहून बसल्या जागी चिकटते, हे त्यांना ठाऊक होते.

"एप्रिलमध्ये तुम्हांला विमानतळावर सोडून आलो ना," ते म्हणाले, "त्याच रात्री मी ही फिरवून बंद केली. नंतर या खोलीत कोणी आलंच नाही."