सुरू होतें, पण टिकत नाहीं

जुनी मोटार सकाळीं एका किल्लीसरशी सुरू व्हावी आणि फाटकापर्यंत पोंचण्याआधींच उचकी दिल्यासारखी होऊन गप्प बसावी, हा प्रकार ज्यांच्या घरीं घडला असेल त्यांनाच त्यांतील छळ ठाऊक. मुळींच सुरू न होणारी गाडी निदान आशा तरी लावीत नाहीं. आमच्या कबनूरच्या घरीं गेला सबंध पावसाळा हा खेळ चालला होता. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची, थोरल्या बंधूंनीं घेतलेली.

आमचें कुटुंब तीन भावांचें, परंतु एका चुलीचें. नवी गाडी पुतण्याबरोबर रोज कोल्हापुरास जाते. जुनी राहते ती घरच्या कामांना. त्यांतलें मुख्य काम म्हणजे वहिनींना महिन्यांतून एकदां मिरजेस डोळ्यांच्या दवाखान्यांत नेणें. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याला सूज येते, आणि त्यावरील इंजेक्शन ठरल्या दिवशीं पडलें नाहीं तर गेलेली दृष्टि परत येईलच असा भरंवसा नाहीं. ऑगस्टांतील एका सकाळीं इचलकरंजीच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंस यंत्रमागांचा खडखडाट चालू असतां, ही गाडी तीन वेळां सुरू झाली आणि तीन वेळां बंद पडली. दवाखान्याची वेळ चुकली ती चुकलीच. संध्याकाळीं पुतण्यानें मोडीवाल्यास फोन केला. त्याला दोष देववत नाहीं. चुलतीच्या डोळ्यांपेक्षां लोखंड मोठें नव्हे, हें त्याचें म्हणणें कोणासही पटावें असेंच होतें. दादा कांहीं बोलले नाहींत. त्या रात्रीं ताक न घेतांच पानावरून उठले, एवढेंच.

आजच्या मुलांना त्या गाडीचें अप्रूप कळावयाचें नाहीं. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीची ‘अकराशें’ गाडी तयार होऊं लागली आणि १९७४ सालीं तिला ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. चार सिलिंडरांचें, १०८९ घनसेंटिमीटरचें साधें सरळ इंजिन. मुंबईंत ह्याच गाडीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची सद्दी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर कायमची संपली, तेव्हां लोकांनीं निरोपाचे लेख लिहिले. आमच्या घरीं तसा लेख लिहिण्याची वेळ आली आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न होता.

मी यंत्रविद्या शिकलेला नाहीं. मॅट्रिकनंतर संस्कृत शिकलों आणि मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेण्यांत जन्म गेला. परंतु रोग ओळखावा कसा, ह्याचा विचार आपल्या पूर्वजांनीं फार बारकाईनें केलेला आहे. वैद्यकांत रोगज्ञानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांतील ‘उपशय’ मला नेहमींच विलक्षण वाटत आला आहे. लक्षणें गूढ असलीं, दोन रोग एकसारखे दिसूं लागले, तर अमुक अन्नानें अथवा औषधानें रोग्यास बरें वाटतें कीं वाईट, हें पाहून रोग ठरवावयाचा. म्हणजे औषध हीच परीक्षा. नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक तो हाच: हें असतां तें असतें, हें नसतां तें नसतें.

आमच्या गाडीची चिकित्सा मात्र उलट्या क्रमानें चालली होती. एका कारागिरानें प्लग व पॉइंट बदलले. दुसऱ्यानें कार्बोरेटर खोलून धुतला. तिसऱ्यानें बोनेट उघडण्यापूर्वींच, रिंगा गेल्या, इंजिन उतरवावें लागेल, असा निकाल दिला. रोगाचें नांव ठरण्याआधींच काढे सुरू! तिघांपैकीं कोणीही एक साधा प्रश्न विचारला नाहीं: सुरू झाल्यावर गाडी किती वेळानें बंद पडते?

तो प्रश्न इचलकरंजीच्या एका वृद्ध मिस्त्रींनीं विचारला. उभा जन्म यंत्रमागांच्या मोटारी आणि असल्या जुन्या गाड्या ह्यांत गेलेला हा मनुष्य. हातांत पाना घेण्याआधीं त्यांनीं चहा घेतला आणि मजकडे वळून म्हणाले, “गुरुजी, घड्याळ लावा. मी सेल्फ मारतो.”

ह्या घड्याळाचें मर्म त्यांनीं मागाहून समजावून दिलें, तें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. किल्ली सोडतांक्षणींच इंजिन बंद पडलें, तर दोष बहुधा विजेचा. सेल्फ फिरतांना ठिणगीला वीज मिळते आणि किल्ली मागें आली कीं तुटते. म्हणजे किल्लीच्या स्विचांतला संपर्क झिजलेला असतो. चोक ओढलेला असेपर्यंत नीट चालून तो आंत ढकलतांच बंद पडलें, तर संथ चालीचें बारीक छिद्र कचऱ्यानें बुजलेलें असावें, किंवा कार्बोरेटरच्या खालून कोठून तरी फाजील हवा शिरत असावी. मागून काळा धूर येऊन, पेट्रोलचा वास सुटून बंद पडलें, तर पेट्रोल उणें नसून अधिक होत आहे. मग चोक अडकलेला असेल, नाहीं तर फ्लोटची सुई गळत असेल. पांच-दहा मिनिटें नीट चालून बंद पडलें आणि टाकीचें झांकण उघडतांच ‘हुस्स’ असा आवाज आला, तर टाकीचें हवेचें छिद्र बंद. (२००० सालाच्या पुढच्या, कार्बोरेटर नसलेल्या गाड्यांचें शास्त्र वेगळें. तेथें दोन सेकंदांत इंजिन गप्प झालें तर चोरी टाळण्यासाठीं किल्लींत बसविलेली चकती गाडीनें ओळखली नाहीं कीं काय, तें आधीं पाहतात.)

आमची गाडी चाळीस सेकंदांनीं थांबली. धूर नव्हता. तर्कसंग्रह शिकतांना धुरावरून पर्वतावरील अग्नीचें अनुमान आम्हीं शेंकडों वेळां केलें. येथें धुराच्या अभावावरून अनुमान करावयाचें होतें. मिस्त्रींनीं एक प्लग काढून माझ्यापुढें धरला. तो कोरडा होता. “हिच्या पोटांत अन्न जात न्हाई, गुरुजी. रातच्या शिळ्या घासावर उठती आन् पडती.” कार्बोरेटरच्या वाटींत मागचें थोडें पेट्रोल शिल्लक असतें, त्यावर इंजिन जागें होतें, वाटी रिकामी झाली कीं मरतें. नवें पेट्रोल टाकींतून ओढून आणण्याचें काम इंजिनाच्या कुशीला लावलेल्या पंपाचें. आमच्याकडचे कारागीर त्याला ‘एसी पंप’ म्हणतात.

मग परीक्षा सुरू झाली. पेट्रोल उघडें असतां ठिणगी पडूं नये म्हणून प्रथम कॉइलची तार काढली, ओसरीवरची उदबत्तीदेखील विझवावयास लावली. पंपापासून कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडून बाटलींत धरली व सेल्फ मारला. भरदार पिचकारी यावयाची, ती आली नाहीं. बुडबुडे आणि त्यांच्यामागून थोडेंसें पेट्रोल. “पंप गेला,” असें पुतण्या म्हणाला, आणि कोणीही तेंच म्हटलें असतें. मिस्त्रींनीं मान हलविली. त्यांनीं पंपाच्या दुसऱ्या तोंडाला, म्हणजे जेथून तो पेट्रोल ओढतो तेथें, नव्या रबरी नळीचा तुकडा लावला व त्याचें टोंक पेट्रोलच्या बाटलींत सोडलें. बाटली मुद्दाम खालीं जमिनीवर, गाडीपासून दूर ठेवली. वर धरली असती तर पेट्रोल आपोआप उतरलें असतें आणि पंपाची परीक्षाच झाली नसती. बाकीचें सारें पूर्ववत् जोडून गाडी सुरू केली. पांच मिनिटें झालीं, दहा झालीं. इंजिन एकसुरांत चालूच. (हा प्रयोग जाणत्या हातांचा आहे, घरच्या मंडळींनीं करूं नये.)

एका बाटलीनें पंप, कार्बोरेटर, प्लग, पॉइंट, रिंगा, सारे निर्दोष सुटले! आतां आरोपी उरली ती टाकीपासून पंपापर्यंतची वाट. धातूची लांब नळी शाबूत होती. तिला पंपाशीं जोडणारा वीतभर रबरी तुकडा मिस्त्रींनीं वांकवून दाखविला. पकडीजवळ, खालच्या अंगास, केसासारख्या भेगा. मीं विचारलें, भेगा आहेत तर थेंब कां गळत नाहीं? उत्तर सुरेख होतें. ही ओढीची बाजू. पंप ओढतो तेव्हां भेगेंतून पेट्रोल बाहेर पडत नाहीं, हवा आंत शिरते. आणि पंप पेट्रोलऐवजीं हवाच पीत राहतो.

रबर कशानें तडकलें, ह्यावर घरांत वाद झाला. पेट्रोलमध्यें मद्यार्क मिसळण्याचें प्रमाण देशांत २०२२ सालीं शेंकडा १० झालें व २०२५ सालीं शेंकडा २० वर गेलें. जुन्या गाड्यांतील कांहीं रबरी भाग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, हें २०२५ च्या ऑगस्टांत पेट्रोलियम मंत्रालयानेंही म्हटलें. उसाच्या मुलखांत राहून त्या मद्यार्कास शिव्या देणें आम्हांस शोभत नाहीं. त्याच उसावर आमच्या पंचगंगाकांठचीं घरें उभीं आहेत. शिवाय तो तुकडा घरांत कोणाच्याही आठवणींत बदललेला नव्हता. वयाचाही कांहीं वांटा असणारच. माझ्या मतें म्हातारपण मूळ आणि मद्यार्क निमित्त. पुतण्याचें मत अर्थात् उलट आहे. मिश्र पेट्रोल सोसणारी नळी मात्र त्यानेंच शोधून आणली, पंपांतील पडदाही बदलून घेतला आणि मोटारींत राखीव तुकडा ठेवला. खर्च एका जेवणावळीच्या भाजीइतकाही आला नाहीं.

सप्टेंबरची तारीख दोन दिवसांवर होती. दादांनीं दोन्ही दिवस पहांटे गाडी सुरू करून अर्धा अर्धा तास चालू ठेवली, शेजाऱ्यांचीं बोलणीं खाल्लीं. तिसऱ्या दिवशीं सातला मंडळी निघाली. दहाच्या सुमारास मोडीवाल्याचा फोन आला, गाडी न्यावयास केव्हां येऊं म्हणून. सूनबाईंनीं तो घेतला, आणि गाडी मिरजेस गेली आहे, असें सांगून खालीं ठेवला.