ब्लू नोट ते वडसा!

जॅझ ऐकत नसलात तरी त्याची जुनी रेकॉर्ड कव्हर्स तुम्ही कुठल्यातरी कॅफेच्या भिंतीवर नक्की पाहिली असतील. न्यूयॉर्कच्या 'ब्लू नोट' कंपनीसाठी रीड माइल्सने पन्नास-साठच्या दशकांत अशी शेकडो कव्हर्स केली. एक-दोन रंग, भलीमोठी अक्षरं आणि भरपूर मोकळी जागा. जॅकी मॅक्लीनच्या 'इट्स टाइम!' या 1964 साली ध्वनिमुद्रित झालेल्या रेकॉर्डवर तर नुसती उद्गारचिन्हंच उद्गारचिन्हं... आणि फोटो वर कोपऱ्यात, एवढुसा! गंमत म्हणजे माइल्सला स्वतःला जॅझचं फारसं वेड नव्हतं.

हा माइल्स मला आठवला थेट गडचिरोली जिल्ह्यात. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं हेडक्वार्टर. इथे नाटक कंपन्यांची ऑफिसं आणि जिकडेतिकडे नाटकांची पोस्टर्स. सीझन दिवाळी ते होळी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावांतून प्रयोग लागतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाली.

आता पोस्टर बघा. मास कॉमला असताना 'व्हाइट स्पेस' ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. इथे ती औषधालाही नाही! हिरो, हिरॉइन, व्हिलन, कॉमेडियन, लावणीवाली... सगळे चेहरे दाटीवाटीने. अक्षरांना रंग, रंगांना सावल्या.

पण हा गोंधळ नाही, हिशेब आहे. गावातलं मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देतं आणि तिकिटं विकून ती वसूल करतं. मांडव भरला तर चार पैसे गावाच्या कामाला उरतात. नाही भरला तर फटका मंडळाला. कुणी कॉमेडियनसाठी येणार, कुणी लावणीसाठी. म्हणून प्रत्येक चेहरा हवाच. शिवाय रेकॉर्ड दुकानात वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाची वाट बघू शकते. या पोस्टरच्या हातात एकच रात्र! त्याला कुजबुजून कसं चालेल?

तेव्हा थंडीत ताडोबाला जाणार असाल तर एक रात्र नाटकासाठी राखून ठेवा. पोस्टरवर गाव आणि तारीख बघा, शाल घ्या आणि निघा. वाघाचं काही सांगता येत नाही बुवा, पोस्टरवरची मंडळी मात्र पहाटेपर्यंत दर्शन देतात!