‘रनिंग’ लिहिलंय म्हणून…

चिंचोटी–कामण–भिवंडी रस्त्यालगत आमचा गाळा आहे. कामण रोड स्टेशनातून मालगाडी धडधडत गेली की टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर आपोआप सरकतो. मी मशिनींची कंट्रोल पॅनेलं बनवतो. तीन पावसाळ्यांपूर्वी लेबलं कापायच्या मशीनचं काम आलं. रोल पुढे सरकवायला स्टेपर मोटर, पातं खालीवर करायला हवेचा व्हॉल्व्ह आणि डोकं म्हणून बीगलबोन ब्लॅक हा तळहातावर मावणारा लिनक्स बोर्ड.

मोटरच्या पल्स आधी मी लिनक्सच्या साध्या प्रोग्रॅममधूनच दिल्या. स्कोपवर पाहिलं तर एरवी नीट चाललेल्या रांगेत मधेच एखादी पल्स मागे राहायची आणि मोटर ‘खट्’ करून पाऊल चुकवायची. दोष लिनक्सचा नव्हता. त्याला पडदा रंगवायचा असतो, नेटवर्क ऐकायचं असतं, फाइल लिहायची असते. दहा जणांचं ऐकणारा माणूस अकराव्याला ‘थांब जरा’ म्हणणारच.

पण त्याच चिपच्या पोटात दोन छोटे प्रोसेसर आहेत, पीआरयू नावाचे. प्रत्येकाला प्रोग्रॅमसाठी जेमतेम ८ किलोबाइट जागा, वेग २०० मेगाहर्ट्झ. मुख्य प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, म्हणजे त्यापुढे हे किरकोळच. पण यांच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. बहुतेक सूचना ५ नॅनोसेकंदांत उरकतात. एका मिलिसेकंदात दोन लाख. पल्स आणि पात्याचा व्हॉल्व्ह दोन्ही यांच्याकडे सोपवले आणि मोटर मुकाट चालू लागली.

या मदतनिसांना हाकायचं कसं? लिनक्समध्ये २०१२ साली, ३.४ या आवृत्तीत, ‘रिमोटप्रॉक’ नावाची व्यवस्था आली. आज तिच्यामुळे ही कामगिरी अगदी किरकोळ वाटते. मदतनिसाचा प्रोग्रॅम फर्मवेअरच्या फोल्डरमध्ये ठेवायचा, त्याचं नाव एका फाइलीत लिहायचं आणि ‘स्टेट’ नावाच्या दुसऱ्या फाइलीत ‘स्टार्ट’ हा शब्द. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो प्रोग्रॅम उचलतो, मदतनिसाच्या मेमरीत उतरवतो आणि त्याला सोडून देतो. तीच फाइल वाचली की उत्तर येतं, ‘रनिंग’. मदतनिसाशी बोलायचं तर ५१२ बाइटांची चिठ्ठी. त्यातले १६ बाइट पत्ता वगैरे नोंदींना जातात, उरतात ४९६.

एका प्रोसेसरने दुसऱ्याला उठवून कामाला लावायची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९८८मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांवर. ट्रान्सप्युटरला स्वतःची डिस्क लागत नसे. जागा झाला की तो तारेकडे कान लावून बसू शके. पहिला बाइट ० आला तर ‘मेमरीत लिही’, १ आला तर ‘वाचून सांग’, त्याहून मोठा आला तर ‘पुढे इतक्या बाइटांचा प्रोग्रॅम येतोय, तो चालव’. मग जागा झालेला शेजारच्याला जागं करी. उठवणं, काम देणं, मोकळं सोडणं: बीज तेच.

मोकळं सोडलं की पुढे काय, हे मला एका दुपारी कळलं. बाहेर धो धो पाऊस. माझ्या लिनक्सच्या प्रोग्रॅममध्ये चूक होती, तो कोसळला. रोल संपला होता, पण ‘थांब’ सांगणारं कुणी उरलं नव्हतं. पातं मात्र रिकाम्या जागेवर ठाक्-ठाक् आपटत राहिलं. मशीनवरचे मामा ओरडले, “अरे भाऊ, कागद कुठाय? हे कापतंय काय?” मी घाईघाईने स्टेट वाचली. रनिंग! खोटं नव्हतंच ते. मदतनीस इमानाने चालूच होता. मी ‘स्टॉप’ लिहिलं. तो जागच्या जागी थांबला आणि व्हॉल्व्हची पिन त्या क्षणी जशी होती तशीच राहिली. पातं खाली, दाबलेलं. मामांनी लाल बटण दाबलं, तेव्हा हवा सुटली.

त्या दिवशी उमगलं ते इतकंच: ‘रनिंग’ ही कर्नलच्या वहीतली नोंद आहे, मदतनिसाची नाडी नव्हे. आणि ‘स्टॉप’ म्हणजे आवरून बस नव्हे. आहेस तिथे गोठ. युजर स्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅममधून, आज्ञा देणं एका ओळीचं काम. खबर ठेवायची आणि आवरून घ्यायची व्यवस्था आपल्यालाच रचावी लागते.

आता माझ्या प्रत्येक पॅनेलमध्ये दोन आकडे असतात. मदतनीस दर फेरीला आपला आकडा वाढवतो, मी तो वाचतो. मीही माझा आकडा वाढवत राहतो, तो माझ्यावर नजर ठेवतो. माझा आकडा अर्धा सेकंद थिजला, की तो कुणाला न विचारता पातं वर घेतो. बंद करतानाही आधी चिठ्ठी जाते, ‘पातं उचल’. ‘उचललं’ असं उत्तर आलं, की मगच ‘स्टॉप’. आणि या सगळ्यावर विसंबून न राहता लाल बटणाची तार थेट व्हॉल्व्हच्या पुरवठ्यावर, मुख्य प्रोसेसर आणि मदतनीस दोघांनाही वळसा घालून.

पॅनेल हवाली करण्यापूर्वी एक चाचणी ठरलेली. मशीन भरात असताना मी माझाच प्रोग्रॅम मारतो. मामा शेजारी उभे राहतात, हात बटणावर. ठाक्, ठाक्, आणि पातं वर जाऊन थांबतं. तरी मामा लगेच हात काढत नाहीत. मीही त्यांना काढा म्हणत नाही.