पोलादनगरीच्या फाटकाशी

क्राकोवला जाणारा प्रवासी वावेलचा राजवाडा पाहतो, जुन्या चौकातील कापडबाजाराच्या कमानींखाली फिरतो, विलिच्काच्या मिठाच्या खाणीत उतरतो आणि संतुष्ट होऊन परततो. आम्हीही हे सारे यथासांग केले. मात्र पोलंडला निघतानाच आम्ही आणखी एक ठिकाण मनाशी धरले होते. क्राकोवच्या पूर्वेस, ट्रामच्या वाटेवर, नोवा हूता नावाची वसाहत आहे. नावाचा अर्थच मुळी ‘नवा पोलाद कारखाना’. आमचा भाचा क्राकोवमध्ये एका संगणक कंपनीत नोकरीस आहे. तो म्हणाला, “मामा, तिथे काय आहे? सरळ रस्ते आणि विझलेली भट्टी!” पण इंदूरच्या गिरण्यांच्या भोंग्यावर ज्यांच्या घरची चूल पेटत असे, त्यांना विझलेली भट्टीही पाहावीशी वाटते.

ही वसाहत १९४९ साली शेतजमिनीवर उभारण्यास आरंभ झाला आणि १९५४ साली कारखाना सुरू झाला. मधल्या चौकातून पंख्याच्या काड्यांसारखे रुंद रस्ते फुटतात. दोन्ही बाजूंस दगडी कमानींच्या इमारती आणि आता चांगलीच मोठी झालेली झाडे. गुलाबांच्या नावाच्या रस्त्यावर १९७३ साली लेनिनचा पुतळा बसला आणि १९८९च्या डिसेंबरात तो उचलून नेण्यात आला. मधल्या चौकाला पुढे अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांचे नाव दिले गेले. नावे बदलणे किती सोपे असते!

कारखान्याच्या फाटकाशी कचेरीच्या दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत. त्यांच्या माथ्यावर जुन्या राजवाड्यांसारखे नक्षीदार कठडे. पोलाद गाळणाऱ्या कारखान्याने असा थाट का करावा, हे आम्हांस प्रथम उमगले नाही. ते उमगले भाच्याच्या कचेरीतील एका पोलिश मुलीच्या आजोबांकडून. त्यांनी याच कारखान्यात तीस वर्षे काढली होती. नात दुभाषी झाली आणि आम्ही त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी चहा घेत बसलो.

ते सांगू लागले, की येथे पगार हा सगळ्या व्यवहाराचा एक लहानसा भाग होता. घर कारखान्याच्या यादीतून मिळे. पाळणाघर, दवाखाना, डोंगरातील विश्रामगृह, हिवाळ्यासाठी पोत्याने बटाटे, सारे कारखान्यातूनच येई. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस येथे सुमारे ३८ हजार माणसे कामास होती. कामावरून काढले जाण्याचे भय जवळजवळ नव्हते. कोणी नोकरी सोडू म्हटले तर सोडता येई. पण घराच्या रांगेतील क्रमांक, मुलाचे पाळणाघर, हे सारे त्या एका धाग्याला बांधलेले. मालक कोण, या प्रश्नाला कागदोपत्री उत्तर होते: तुम्हीच. आजोबा येथे हसले. मालकाला दुकानात मांस मिळत नसे आणि मोकळी संघटना करण्याची मुभा नव्हती.

ती संघटना, सॉलिडॅरिटी, १९८० साली झाली. पुढच्याच वर्षीच्या डिसेंबरात लष्करी कायदा आला. १९८८च्या एप्रिलमध्ये पगारवाढीसाठी येथे संप झाला, तो ५ मेच्या पहाटे सशस्त्र पोलिसांनी मोडला. आजोबा त्या संपात होते. पुढच्या वर्षी निवडणूक झाली आणि ज्या संघटनेसाठी मार खाल्ला तिचेच लोक सरकारात बसले.

खरी परीक्षा तेथून पुढे होती. १ जानेवारी १९९० पासून बाल्त्सेरोविच यांची योजना लागू झाली. भाव मोकळे झाले आणि त्या वर्षात खऱ्या वेतनाची किंमत सुमारे पाव हिश्श्याने घटली. सरकारी कारखान्याने ठरलेल्या मर्यादेपलीकडे पगार वाढवला, तर वाढीव रकमेच्या कित्येक पट कर भरावा लागे. म्हणजे व्यवस्थापक आणि कामगार एकमताने पगार वाढवू म्हणाले तरी दोघांनाही हात आखडावा लागे. १९८९च्या अखेरच्या आठवड्यातच दोन कायदे झाले होते. एकाने संघटनेशी सल्लामसलत करून सामुदायिक कपात करण्याची आणि त्यापोटी भरपाईची वाट घालून दिली. दुसऱ्याने बेकारांना भत्ता दिला. श्रममंत्री कुरोन यांच्या नावावरून लोक त्या भत्त्याला ‘कुरोनुव्का’ म्हणू लागले. १९९३च्या अखेरीस देशात शंभरांमागे सोळांहून अधिक माणसे बेकार होती.

या कारखान्यातून एका फटक्यात माणसे काढली गेली नाहीत. कोणी लवकर निवृत्त झाले, तर दुरुस्ती, वाहतूक, उपाहारगृह असे विभाग एकेक करून वेगळ्या कंपन्या झाले. आजोबा संघटनेचे प्रतिनिधी होते. आपल्या माणसांना समजावण्याचे काम त्यांच्याकडे आले. फाटक तेच, काम तेच, कपड्यांचे कपाट तेच. बिल्ल्यावरचे नाव तेवढे निराळे. १९८८च्या संपात ज्याच्या शेजारी ते झोपले होते, तो मित्र सही करायला तयार नव्हता. “मी त्याला म्हणालो, भिऊ नकोस, आता सरकार आपले आहे.” काही वर्षांनी ती लहान कंपनी बुडाली. मित्र याच गल्लीत राहत होता. चौदा वर्षे दोघे एकाच दुकानातून पाव घेत होते. बोलणे मात्र झाले नाही. आता तो हयात नाही. एवढे सांगून आजोबा साखरदाणी इकडची तिकडे सरकवीत राहिले.

पुढे २००४ साली लक्ष्मी मित्तल यांच्या समूहाने हा उद्योग घेतला. तेव्हा संघटनांनी नोकरीच्या हमीसाठी आणि स्वेच्छेने जाणाऱ्यांच्या मोबदल्यासाठी करार करून घेतले. १९९० साली आपल्याला असे कलमवार भांडता आले नाही, याची खंत आजोबांच्या बोलण्यात होती. झोतभट्टी २०१९च्या नोव्हेंबरात थांबली आणि पुढच्या वर्षी ती कायमची बंद केल्याचे जाहीर झाले. पत्रे लाटण्याचे काम मात्र आत चालू राहिले.

नातीची तऱ्हा वेगळी. पहिली तीन वर्षे ती दिवाणी करारावर काम करीत होती. अशा करारास श्रमसंहिता लागू होत नाही. भरपगारी रजा नाही, नोटिशीचे संरक्षण नाही. तिकडची तरुण मंडळी त्याला ‘कचरा-करार’ म्हणतात. आजोबांना कळेना, अशा कागदावर माणूस सही तरी कशी करतो? तिला कळेना, कारखान्याकडून बटाटे कसे घ्यावेत? आम्हांला दोघांचेही कळत होते.

निघताना आजोबांनी आमच्या गावच्या गिरण्यांचे विचारले. आम्ही सांगितले, की बहुतेक बंद झाल्या. आमचे काका जिथे होते ती गिरणी नव्वदच्या दशकाच्या आरंभीच बंद पडली. कामगारांच्या थकबाकीची रक्कम २०२३च्या डिसेंबरात निघाली. काकांच्या वाट्याची काकूंना मिळाली. नातीने भाषांतर केले. आजोबांनी तिला थांबवून काहीतरी विचारले. तिने आमच्याकडे वळून खात्री करून घेतली, “ते म्हणतात, मी चुकीचे सांगते आहे. तीन वर्षे, की तीस?”