जेद्द्याच्या जुन्या मोहल्ल्यात एक रात्र

उमऱ्याहून परतणारी माणसे जेद्द्यात सहसा थांबत नाहीत. मक्केहून थेट विमानतळ, झमझमचे डबे, खजुराची खोकी आणि घरची ओढ. गेल्या हिवाळ्यात आम्ही मात्र एक रात्र थांबलो. तेही अल-बलद या जुन्या वस्तीत, दुरुस्त करून हॉटेल केलेल्या एका जुन्या घरात. हट्ट अम्मींचा होता आणि पैसे भाच्याचे. तो तिथेच नोकरीला आहे. भाडे किती, हे त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही. अम्मींना कळले असते तर त्यांनी विमानतळावरच्या बाकड्यावर रात्र काढली असती.

हट्टाला कारण होते. अब्बांच्या आजोबांनी बोटीने हज केला होता. तेव्हा सौदी अरबस्तानात तेलाचा पैसा आलेला नव्हता. मुंबईहून मुगल लाईनच्या बोटी निघत, प्रवास दिवसेंदिवसांचा असे, आणि हाजी जेद्द्याच्या बंदरात उतरत. तिथे वकील म्हणून ओळखले जाणारे लोक हाजींची सोय बघत. हजच्या मोसमात जेद्द्यातली अनेक कुटुंबे स्वतः वरच्या मजल्यावर किंवा गच्चीत सरकत आणि खालच्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देत. आजोबा अशाच एका घरात दोन रात्री राहिले होते. परत आल्यावर ते त्या लाकडी खिडक्यांच्या उंच घरांचे वर्णन इतके करीत की, आमच्या कोकणातल्या घराच्या माडीची जाळी त्यांनी जेद्दा बघूनच करून घेतली, असे घरात सांगतात. अब्बांना हे मान्य नव्हते. गावच्या सुताराने जेद्दा कधी बघितले, असे ते विचारीत.

हाजींची बोट 1995 मध्ये कायमची बंद झाली. आता आपण विमानातून उतरतो आणि जेद्दा शहर काचेतून मागे पळते. खरे तर मक्केचा हा दरवाजा हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीपासूनचा आहे. इ.स. 647 मध्ये, म्हणजे हिजरी 26 मध्ये, त्यांनी मक्केचे बंदर म्हणून जेद्द्याची निवड केली. युनेस्कोने 2014 मध्ये या जुन्या भागाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती ‘मक्केचे प्रवेशद्वार’ याच नावाने.

घराबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण कोकणातल्या वाचकाला त्यात आपले घर दिसेल. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या. हा दगड तांबड्या समुद्राच्या काठाशीच काढत. आपल्या जांभ्यासारखाच तो सच्छिद्र आणि कापायला सोपा. भिंतीत ठरावीक अंतरावर आडव्या लाकडी तुळया बसवलेल्या असतात, म्हणजे वजन सारखे पसरते आणि भिंत एकदम चिरत नाही. वरून चुन्याचा गिलावा. समोरच्या बाजूला मजल्यावर मजले चढलेल्या लाकडी जाळीच्या खिडक्या. त्यांना रोशन म्हणतात. आपल्या उर्दूतल्या रोशनदानाचा हा भाऊबंदच वाटतो. लाकडात सागवान बरेच, आणि ते हिंदुस्थानातून आणि जावाहून जहाजाने येई. या जाळीतून समुद्राचा वारा आत येतो, उन्हाचा चटका बाहेर राहतो, आणि आतल्या बाईला रस्ता दिसतो पण रस्त्याला बाई दिसत नाही. पाण्याचे माठ तिथेच वाऱ्यावर ठेवीत.

हॉटेलवाल्यांनी काम मनापासून केले होते, हे मान्य करायला हवे. गिलावा चुन्याचाच होता, सिमेंटचा नाही. हा फरक आम्हाला घरच्या अनुभवाने कळतो. सिमेंट भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही. ती आतल्या आत साठते, क्षार फुटतात आणि दगड भुगा होऊ लागतो. गावाकडे जांभ्याच्या भिंतींना ‘पक्के’ करण्यासाठी सिमेंट थापले जाते आणि चार पावसाळ्यांत त्याचे पोपडे निघतात. इथे जिने जुनेच होते, उंच आणि असमान पायऱ्यांचे. एसीची यंत्रे लाकडी फळ्यांमागे लपवलेली. खाली स्वागताला केरळचा एक तरुण होता. अम्मींच्या गुडघ्यांकडे बघून तो स्वतः पुढे आला आणि ‘उम्मा, हळू’ म्हणत हात धरून त्यांना दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेला.

अस्रनंतर आम्ही गल्ल्यांतून फिरलो. ज्या भागात शाफई मशीद आहे त्याचे नाव हारत अल-मजलूम. आम्हा कोकणी शाफई लोकांना ती मशीद बघून अर्थातच बरे वाटले. तिचा मिनार सातशे वर्षांहून जुना मानतात. थोडे चालले की हनफी मशीद. पुढे नसीफ घराण्याचा प्रसिद्ध वाडा लागतो. 1872 ते 1881 या काळात तो बांधला गेला. 1925 च्या अखेरीस जेद्दा ताब्यात आल्यावर राजे अब्दुलअझीज याच वाड्यात उतरले होते. त्याच्या दारात एक जुने झाड आहे. गोड्या पाण्याची इतकी टंचाई होती की, एके काळी गावात हे एकच झाड होते म्हणतात. लोक वाड्याला ‘झाडवाले घर’ म्हणत. जवळ जाऊन बघितले तर कडुनिंब! अम्मींनी एक पान तोंडात टाकले आणि कडूच आहे, अशी खात्री करून घेतली.

मगरिबनंतर अम्मी रोशनमधल्या बैठकीवर बसल्या. बराच वेळ खाली बघत होत्या. मग म्हणाल्या, “घर छान झाडून ठेवलंय. पण यांचं माणूस कुठंय?”

केरळच्या मुलाला हा प्रश्न आम्ही विचारला. मालक कुटुंब शहराच्या उत्तरेला राहते, एवढेच त्याला ठाऊक होते. बहुतेक घरांची हीच कहाणी आहे. 1947 मध्ये गावाची तटबंदी पाडली गेली. तेलाचा पैसा आला तशी बडी घराणी बागबगीच्याच्या बंगल्यांत गेली. जुन्या घरांत मजल्या-मजल्यावर मजूर भाडेकरू आले. येमेन, आफ्रिका, आपला उपखंड, सगळीकडचे. काही घरे जळाली, काही पावसात बसली. 2019 मध्ये सौदी युवराजांनी 56 इमारतींच्या दुरुस्तीसाठी 5 कोटी रियाल जाहीर केले, आणि त्यानंतर कामाला खरा वेग आला.

पण मालक श्रीमंत होते, तरी त्यांनी स्वतः दुरुस्ती का केली नाही? याचे उत्तर आम्हाला भाच्याने दिले आणि ते ऐकून आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. यातली कितीतरी घरे कौटुंबिक वक्फ आहेत, नाहीतर तीन-चार पिढ्यांच्या वारसांची सामायिक. एका घराला अनेक धनी. छप्पर गळते तेव्हा प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघतो. विकायचे म्हटले तर एकाची सही नाही, दुरुस्त करायचे तर दुसऱ्याचा पैसा नाही.

आमचे घर हुबेहूब असेच उभे आहे. नमुना 8 च्या उताऱ्यावर अजून अब्बांच्या आजोबांचेच नाव आहे. वारस मोजले तर एकोणीस. कुणी मुंब्र्यात, कुणी कुवेतमध्ये, कुणी दोहात. माडीच्या वाशांना वाळवी लागली आहे. एका बिल्डरने निरोप पाठवला आहे की सगळ्यांच्या सह्या आणा, फ्लॅट घ्या. चाचा राजी आहेत. अम्मी राजी नाहीत. आणि दोन फुफींना आजवर कुणी विचारलेलेच नाही, जणू सासरी गेल्यावर त्यांचा हिस्सा दर्यात बुडाला. सूरह अन-निसामध्ये मुलींचे हिस्से स्पष्ट आहेत. ते आपण मुलांना मकतबात शिकवतो, आणि घरात उताऱ्याची गोष्ट निघाली की विषय बदलतो.

त्या रात्री यावर आमच्यात चांगलाच वाद झाला. एकाचे म्हणणे, पैसे आणि इच्छा असेल तर घर असे वाचवता येते, हे समोर दिसते आहे. आपणही माडी नीट करून दोन खोल्या पर्यटकांना द्याव्यात. दुसऱ्याचे म्हणणे, इथे मागे एक अख्खी सरकारी तिजोरी आहे, आपल्यामागे कोण? अम्मी मध्येच म्हणाल्या, “मला पर्यटक नकोत. ईदला सगळी पोरं एका छपराखाली झोपली पाहिजेत. ते होत नसेल तर घर विका, पण आधी जुबैदाचा आणि रुक्याचा हिस्सा काढून ठेवा.” जुबैदा आणि रुक्या म्हणजे आमच्या फुफी. चाचांचे नाव त्यांनी घेतले नाही.

फज्रला अझान एका मशिदीतून सुरू झाली आणि पाठोपाठ दुसऱ्या, तिसऱ्या. खिडकीच्या जाळीतून ती आत येत होती. खाली गल्लीत एक सफाई कामगार झाडू मारत होता. बाकी कुठल्याही घरात दिवा नव्हता. नाश्त्याला फूल आणि तमीस मिळाला. तमीस म्हणजे तंदुरातली मोठी रोटी. अम्मींनी ती चहात बुडवून खाल्ली.

घरी आल्यावर आठवड्याभरात अम्मींनी आम्हाला वारसांची यादी करायला बसवले. नाव, नाते, फोन नंबर. रत्नागिरीच्या एका मौलानांकडून फराइजप्रमाणे हिस्से काढून घेतले. अपूर्णांक इतके मोठे निघाले की, आमच्या घरच्या नववीतल्या मुलीने ते वहीवर दोनदा तपासले. थोरल्या फुफींना फोन केला तेव्हा त्या आधी गप्पच राहिल्या. मग म्हणाल्या, “मला पैसे नकोत, पण विचारलंत.” धाकट्या फुफींना हिस्सा हवा आहे, आणि त्यांनी तसे मोकळेपणाने सांगितले. ते अम्मींना आवडले.

पावसाआधी, मे महिन्यात, सगळ्यांनी गावी जमायचे ठरले आहे. कुवेतवाल्यांनी तिकीट काढले. दोहाहून अजून उत्तर नाही. चाचा म्हणतात, बघू. तोपर्यंत माडीवर निळे ताडपत्रीचे कापड बांधून घेतले आहे आणि वाळवी लागलेले तीन वासे बदलायला सुतार सांगितला आहे. त्याचा खर्च सध्या अम्मींच्या पेन्शनमधून.